शस्त्रक्रियेची जखम कशी भरून येते?

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत भोर आणि वेल्हे हे दोन तालुके वसले आहेत. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी लोकांच्या तोंडी जुने नाव अद्याप रुळलेले आहे. हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही या भूभागाची इतिहासप्रसिद्ध नावे. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची अवघी ५४ हजारांच्या आसपास आहे. डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यावस्त्या, पावसाळ्यातील मुसळधार पाऊस आणि भातशेती ही येथील जीवनाची ठळक वैशिष्ट्ये होत.

पोटाची शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, अंतर्गळ अथवा आंत्रपुच्छाचा विकार, विळ्या-कोयत्याने झालेली दुखापत, अशा नाना कारणांनी या भागातील माणसे तालुक्याच्या गावी किंवा पुण्यास रुग्णालयात दाखल होतात. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत उरकते. रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांचा असतो. जखम भरून येण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात आणि हा सारा काळ रुग्णाच्या घरी, गावात जातो. टाके शल्यचिकित्सक घालतो. जखम भरून काढते ते शरीर. त्या कामी शरीराला साहाय्य होते की अडथळा, हे बव्हंशी घरावर आणि गावावर अवलंबून असते. म्हणूनच ही प्रक्रिया ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील कर्मचारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

जखमांचे चार वर्ग

आजच्या मराठीत ‘व्रण’ म्हणजे भरून आलेल्या जखमेची खूण. सुश्रुतसंहितेत मात्र खुद्द जखमेलाच व्रण म्हटले आहे. शरीरातील बिघाडामुळे होणारे व्रण आणि बाहेरील आघाताने होणारे व्रण असे दोन मुख्य भेद तेथे केले असून आघातजन्य जखमांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. कापलेली, भोसकलेली, टोचलेली, चेंगरलेली, खरचटलेली जखम एकाच रीतीने हाताळावयाची नसते, हे या वर्गीकरणातून स्पष्ट होते.

आधुनिक शल्यशास्त्र शस्त्रक्रियेच्या जखमांचे वर्गीकरण त्यांतील जंतूंच्या शक्यतेवरून करते. पहिला वर्ग स्वच्छ जखमांचा. अंतर्गळाच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत आतडे, श्वासमार्ग वा मूत्रमार्ग उघडला जात नाही. त्यामुळे अशा जखमेत जंतुसंसर्गाचे प्रमाण शंभरात एक-दोन इतकेच असते. दुसऱ्या वर्गात जंतूंचा नैसर्गिक वास असलेला एखादा अवयव नियंत्रित रीतीने उघडलेला असतो. शस्त्रक्रियेने होणारी प्रसूती किंवा न फुटलेल्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया ही याची उदाहरणे. तिसरा वर्ग दूषित जखमांचा. भात कापताना विळ्याने नुकतीच झालेली, माती गेलेली जखम या वर्गात मोडते. चौथ्या वर्गात आधीच पू झालेल्या, आतडे फुटून घाण पसरलेल्या किंवा कुजके मांस असलेल्या जखमा येतात. या वर्गात संसर्गाचे प्रमाण शंभरात तीस वा त्याहूनही अधिक असू शकते. योग्य वेळी दिलेल्या प्रतिजैविकांनी हा धोका पुष्कळ कमी होतो; तथापि वर्गावर्गातील तफावत कायम राहते.

भरून येण्याच्या तीन रीती

स्वच्छ कापलेल्या जखमेचे दोन्ही काठ टाक्यांनी जुळविले असता मधली फट अत्यंत अरुंद राहते व जखम थोड्या अवधीत, बारीकशी रेघ मागे ठेवून सांधली जाते. ही पहिली रीत होय. जखम मोठी असेल, तिचा काही भाग नष्ट झाला असेल किंवा तीत पू असेल, तर ती शिवता येत नाही. ती उघडी ठेवून रोज साफ केली जाते आणि तळापासून वर भरत येते. या दुसऱ्या रीतीस अधिक काळ लागतो व मागे राहणारा व्रणही मोठा असतो.

तिसरी रीत या दोहोंच्या मधली आहे आणि ग्रामीण भागात तिच्याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतो. मातीने भरलेली जखम घेऊन आलेल्या रुग्णाची जखम डॉक्टर धुतात, मेलेले मांस काढतात, पट्टी बांधतात. परंतु टाके घालत नाहीत. ‘दवाखान्यात नेले, पण टाकेसुद्धा घातले नाहीत,’ अशी नातेवाइकांची तक्रार पंचायत सदस्यांच्या कानी येते ती अशा वेळी. वस्तुतः अशी जखम तत्काळ शिवली तर जंतू आतच कोंडले जातात व काही दिवसांत पू होऊन टाके तोडावे लागतात. म्हणून जखम तीन ते पाच दिवस निरीक्षणाखाली ठेवून ती निर्मळ दिसू लागल्यावर टाके घातले जातात. हा विलंब म्हणजे हयगय नव्हे. तो उपचाराचाच भाग होय.

शरीराची दुरुस्ती

जखम होताच शरीराचे काम सुरू होते. प्रथम कापलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातील बिंबिका तेथे गोळा होतात आणि रक्त गोठून छिद्रे बुजतात. ही गुठळी केवळ बूच नसून पुढे येणाऱ्या पेशींना ती आधाराचे जाळेही पुरविते.

त्यानंतर पहिले तीन-चार दिवस दाहाची अवस्था असते. जखमेभोवती किंचित लाली, ऊब, सूज आणि ठणका जाणवतो. या काळात श्वेत रक्तपेशी जंतूंना व मृत पेशींना गिळून जागा स्वच्छ करीत असतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांतील बेताची सूज पाहून घाबरण्याचे कारण नाही. ती उत्तरोत्तर वाढत गेली तर मात्र सावध व्हावे. याच अवधीत कातडीचा वरचा पातळ थर दोन्ही काठांकडून सरकत येतो आणि नीट शिवलेल्या जखमेवर साधारणतः ४८ तासांत आच्छादन तयार होते.

सुमारे चौथ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवनिर्मितीची अवस्था चालते. तंतू निर्माण करणाऱ्या पेशी जखमेत शिरून कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणू लागतात. त्यांना अन्न व प्राणवायू पुरविण्यासाठी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात. उघड्या जखमेच्या तळाशी जे लालसर, दाणेदार, कोवळे मांस दिसते ते याच नव्या वाहिन्यांमुळे. ते जखम भरत असल्याचे सुचिन्ह आहे. पट्टी बदलताना ते घासून काढणे म्हणजे उगवते रोप उपटण्यासारखे होय.

शेवटची अवस्था पुनर्रचनेची. घाईने विणलेले धागे मोडून त्यांच्या जागी अधिक मजबूत धागे, ताणाच्या दिशेने नीट लावून, बसविले जातात. लालसर व्रण हळूहळू फिका होतो. हे काम एक वर्ष, कधी दोन वर्षेही चालते.

बळ किती दिवसांत येते?

भोर-वेल्ह्यासारख्या कष्टकरी भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जखमेच्या जागी मूळ कातडीच्या तुलनेत अवघे तीन ते दहा टक्के बळ आलेले असते. तीन आठवड्यांनी ते वीस ते तीस टक्के होते आणि तीन महिन्यांनी सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. मूळचे शंभर टक्के बळ त्या जागी पुन्हा कधीच येत नाही.

पोटावरील कातडीचे टाके साधारणतः सातव्या ते दहाव्या दिवशी काढतात. म्हणजे टाके निघतात त्या दिवशी जखम वरून मिटलेली असते, पण आतून ती दुबळीच असते. पोटाच्या भिंतीतील खोलवरचे टाके तोवर भार पेलून धरतात. तथापि त्यांच्यावर किती ओढ पडू द्यावयाची हे रुग्णाच्या हाती असते. ‘टाके निघाले, आता कामाला हरकत नाही,’ हा समज येथेच घातक ठरतो.

उदाहरणादाखल जूनच्या अखेरीस शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रीचा हिशेब मांडून पाहावा. टाके जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात निघतात, आणि नेमकी तेव्हाच भातलावणीची घाई सुरू असते. गुडघाभर चिखलात दिवसभर ओणवे राहणे, रोपांच्या मुठींचे ओझे वाहणे, विहिरीवरून भरलेली घागर चढावर आणणे ही कामे तिच्यापुढे उभी राहतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जड ओझे सर्वसाधारणपणे सहा आठवडे टाळावयाचे असते. म्हणजे तिच्या बाबतीत ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडावा लागतो. जखमेस तीन महिन्यांचे बळ येते ते सप्टेंबरअखेर, भातकापणीच्या तोंडावर. शरीराची दिनदर्शिका शेतीच्या दिनदर्शिकेनुसार बदलत नाही. बदल करावयाचा तो कामाच्या वाटणीत.

अर्थात विश्रांती म्हणजे अंथरुणास खिळून राहणे नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर उठून हळूहळू चालणे हितावह असते. त्यामुळे पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा व छातीत कफ साचण्याचा धोका कमी होतो. टाळावयाचे ते ओझे, जोर आणि ओढ.

रक्तपुरवठ्याची जुनी साक्ष

जखम भरून येण्यास ताज्या रक्ताचा पुरवठा किती आवश्यक आहे, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण, भोर-वेल्ह्याचे रुग्ण ज्या पुण्यास जातात, त्याच पुण्यातील आहे. टिपू सुलतानाबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी कैद झाला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्यातील एका देशी वैद्याने, जो विटा घडविणाऱ्या जातीचा असल्याची नोंद आहे, त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक तयार केले. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे नमूद असून तिचा वृत्तांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे तशीच शस्त्रक्रिया यशस्वी केली.

या पद्धतीचे मर्म असे, की कपाळावरील कातडी पूर्णपणे तोडली जात नव्हती. दोन भुवयांमधला तिचा देठ शाबूत ठेवला जाई आणि त्यातून नव्या नाकास रक्त मिळत राही. काठ जुळवून चार दिवस पट्टीस हात लावला जात नसे. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नव्या जागेतील रक्तवाहिन्या जोडल्या गेल्यावर, तो देठ कापला जाई. जखमेला स्थैर्य, रक्तपुरवठा आणि पुरेसे दिवस हवेत, ही गोष्ट त्या वैद्यास अनुभवाने पूर्ण अवगत होती.

त्या काळी अज्ञात होते ते सूक्ष्म जंतूंचे शास्त्र. पुण्यातील ससून रुग्णालयाची उभारणी १८६७ साली पूर्ण झाली. त्याच वर्षी जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्ल वापरून जखमेतील जंतुसंसर्ग रोखता येतो, असे प्रसिद्ध केले. तेव्हापासून शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली.

जखमेचे अन्न

नवे मांस प्रथिनांपासून बनते. म्हणून रुग्णाच्या ताटात डाळ, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांपैकी घरी जे उपलब्ध असेल ते रोज असावे. कोलॅजनचे धागे पक्के होण्यास क जीवनसत्त्व लागते. आवळा, लिंबू, पेरू यांत ते विपुल आहे. तथापि ‘आंबटाने जखम पिकते’ या समजुतीपायी नेमके हेच पदार्थ अनेक घरांत वर्ज्य केले जातात. जखम पिकते ती जंतूंमुळे, आवळ्या-लिंबामुळे नव्हे. १७४० ते १७४४ या काळात इंग्लंडच्या अॅन्सन यांनी केलेल्या सागरी जगप्रदक्षिणेत क जीवनसत्त्वाच्या अभावी खलाशांना स्कर्व्ही हा रोग जडला, तेव्हा कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या जखमाही पुन्हा उकलल्याचे नमूद आहे. व्रणाची देखभाल शरीराला जन्मभर करावी लागते, याचा हा बोलका पुरावा होय. बाळंतिणीस दिलेल्या लोहाच्या गोळ्याही नेमाने घ्यावयास हव्यात.

अडथळे कोणते?

माती व शेण हे शेतकऱ्याचे नित्याचे सोबती. परंतु धनुर्वाताचे बीज त्यांतच असते. जुन्या घरांतून गोठा आणि राहण्याची जागा एकाच छपराखाली असते. अशा घरी रुग्णाचे अंथरूण गोठ्यापासून दूर, कोरड्या जागी असावे. जखमेवर शेण, राख, चुना, तंबाखू किंवा बांधावरून खुडून आणलेला पाला लावणे सर्वथा टाळावे. हळद आहारात उत्तम. पण डब्यातील हळद निर्जंतुक नसते, तेव्हा टाक्यांवर तिचा लेप नको. अर्भकांचा व मातांचा धनुर्वात भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. तरी मातीतील जंतू नाहीसे झालेले नाहीत. शालेय मुलांना १० व १६ वर्षांच्या वयात धनुर्वात-घटसर्पाची लस दिली जाते, तीत एकही मूल राहू नये याकडे शिक्षकांनी लक्ष पुरवावे.

तंबाखू आणि मिश्रीतील निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेचा रक्तपुरवठा घटतो. मिश्री लावण्याची सवय स्त्रियांत बरीच असल्याने हा मुद्दा त्यांना स्पष्टपणे सांगितला पाहिजे. मधुमेह ताब्यात नसल्यास श्वेतपेशींचे कार्य मंदावते. अशा रुग्णाने साखरेची तपासणी चुकवू नये. पावसाळ्यात ओली झालेली पट्टी तशीच राहू देऊ नये; ओली पट्टी जंतूंना आत जाण्यास वाट देते. पट्टीस हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे, ही सर्वांत स्वस्त आणि प्रभावी काळजी आहे.

धोक्याची लक्षणे

शस्त्रक्रियेच्या जागेचा जंतुसंसर्ग तीस दिवसांपर्यंत केव्हाही प्रकट होऊ शकतो. म्हणजे पुष्कळदा रुग्ण घरी परतल्यावरच. तिसऱ्या दिवसानंतर ठणका कमी न होता वाढणे, लाली पसरत जाणे, पू वा दुर्गंधी येणे, ताप चढणे, काठ विलग होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा रुग्णालय गाठावे. पोटाच्या जखमेतून आठवड्याच्या सुमारास एकाएकी फिकट तांबूस पाणी वाहू लागणे हे आतील टाके उसवत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी रुग्णास निजवून ठेवावे व जखमेवर स्वच्छ कापड झाकावे. आतडे बाहेर डोकावत असल्यास ते आत ढकलू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेले स्वच्छ कापड त्यावर ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावाने करावयाचे काम

प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशा कार्यकर्ती ठरलेल्या दिवशी घरभेटी देते. तिच्या भेटीत जखमेची विचारपूस होते. पण अंतर्गळाची शस्त्रक्रिया झालेला शेतकरी किंवा हात शिवून आलेला मजूर यांच्या घरी कोण जाणार, हे गावाने ठरवावयाचे असते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने आपल्या मासिक बैठकीत शस्त्रक्रिया होऊन परतलेल्यांची यादी ठेवावी आणि प्रत्येकाच्या टाके काढण्याच्या तारखेची तीत नोंद करावी. दूरच्या वाडीवरील रुग्णास त्या दिवशी वाहन मिळेल, अशी व्यवस्था आधीच लावून ठेवावी. ओढ्याला पूर आल्यावर ती लावता येत नाही. रोजगार हमीच्या कामावर अशा मजुरास माती वाहण्याऐवजी पाणी देण्यासारखे हलके काम द्यावे.

भातलावणीत एकमेकांच्या खाचरात उतरण्याची प्रथा मावळात जुनी आहे. ज्या घरी शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती आहे, त्या घरची लावणी शेजाऱ्यांनी आधी उरकून दिली, तर त्या व्यक्तीस सहा आठवडे ओझ्यापासून दूर राहता येईल. याला पैसा लागत नाही, शासकीय आदेशही लागत नाही. शल्यचिकित्सकाने जुळविलेले काठ आतून सांधण्याचे काम शरीर करीतच असते. त्याला लागणारे दिवस मिळवून देणे एवढेच गावाच्या हाती आहे, आणि तेच निर्णायक आहे.